एकच हार्ड डिस्क, तीन संगणक

प्रश्न : घरी विंडोजचा डेस्कटॉप, मुलीचा मॅकबुक आणि उबंटू टाकलेला जुना लॅपटॉप आहे. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क मॅकबुकला जोडली की त्यातल्या फाइल उघडतात, पण नवीन काहीच कॉपी होत नाही. डिस्क बिघडली का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डिस्क ठणठणीत असावी. ती बहुधा एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची विंडोजची पद्धत) फॉरमॅट केलेली आहे, आणि मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही. फाइंडरमध्ये डिस्क निवडून कमांड-आय दाबा, फॉरमॅटचं नाव दिसेल.

तिन्हीकडे लिहिता यावं म्हणून एक्सफॅट ही दुसरी पद्धत घ्या. फॅट३२ ही जुनी पद्धत सगळीकडे चालते खरी, पण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा एखादा लांबलचक व्हिडिओ तिथेच अडतो.

फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि चार-दोन फाइल तिथून उघडून पाहा. मग डिस्क विंडोजला जोडा. 'धिस पीसी'मध्ये तिच्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम 'एक्सफॅट', अ‍ॅलोकेशन युनिट साइझ (डिस्कवरची जागा ज्या तुकड्यांत वाटली जाते, त्या तुकड्याचा आकार) १२८ किलोबाइट, 'क्विक फॉरमॅट'वर टिक. हे काम विंडोजवरच करावं असं आम्ही सुचवतो, कारण मॅकच्या डिस्क युटिलिटीत युनिटचा आकार आपल्याला ठरवता येत नाही. हा आकार महत्त्वाचा आहे : १२८ ठेवलात तर २ केबीची चिठ्ठीसुद्धा डिस्कवर १२८ केबी अडवते. फोटो-व्हिडिओंना त्याने फरक पडत नाही, पण हजारो बारीक फाइलींचं फोल्डर फुगतं. असं फोल्डर झिप करूनच ठेवा.

उबंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही; उबंटूचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये ५.४ या आवृत्तीपासून एक्सफॅट आहे आणि ५.७ मध्ये (२०२०) त्याची नवी, चांगली आवृत्ती आली. फाइलच्या नावात मात्र प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा तारांकन नको. लिनक्सवर अशी नावं चालतात, एक्सफॅटवर कॉपी करताना तीच फाइल अडते.

आता खरी काळजीची गोष्ट. एनटीएफएस बदलांची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी डिस्कची रचना बरीचशी सावरते. एक्सफॅटमध्ये अशी नोंद नाही. कॉपी चालू असताना केबल उपटलीत तर नुसती ती फाइल नव्हे, अख्खं फोल्डर गायब होऊ शकतं. म्हणून दर वेळी 'इजेक्ट' करा, मगच केबल काढा. न करता काढली असेल तर पुढच्या वेळी मॅकवर डिस्क बराच वेळ दिसत नाही; मागे तपासणी चालू असते. तेव्हा लगेच पुन्हा उपटू नका, थांबा. विंडोजवर डिस्कच्या प्रॉपर्टीज, टूल्स, 'चेक' यातून दुरुस्ती होते.

प्रश्न : त्याच डिस्कवर मॅकचं टाइम मशीन बॅकअप ठेवता येईल का?

उत्तर : एक्सफॅटच्या भागावर नाही. मॅकवर डिस्कचे दोन भाग पाडून एक एपीएफएस (मॅकची स्वतःची पद्धत) करता येतो, पण तसं करू नका, बॅकअपला वेगळी डिस्क घ्या. ही डिस्क तीन घरगुती संगणकांत फिरणार, पडणार. तिच्यासोबत बॅकअपही गेला तर उपयोग काय? मॅकच्या साठवणीच्या दुप्पट क्षमतेची डिस्क बॅकअपला पुरते.