हँडल तुमचं, डाय कंपनीची?

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. केबिन बॅगसाठी मी चार टप्प्यांचं टेलिस्कोपिक हँडल बनवलं. बंद केल्यावर ते नेहमीच्या हँडलपेक्षा बरंच आखूड राहतं, त्यामुळे बॅगेत आतली जागा वाचते. एका बॅग कंपनीच्या पर्चेसवाल्यांना दोन सॅम्पल दिली, ड्रॉइंगची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. करार काही केला नाही. "बघून कळवतो" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. नंतर मी हँडल उघडमीट करतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, त्याला पाच महिने झाले. आता अंबडचा डायमेकर (धातूचे साचे बनवणारा) मित्र सांगतो की त्याच कंपनीकडून कोटेशनसाठी आलेलं ड्रॉइंग हुबेहूब माझं आहे. पेटंट काढलेलं नाही. माझ्या हातात काही उरलंय का?

उत्तर : उरलंय. मात्र आधी तो व्हिडिओ पुन्हा बघा, आणि ज्याने हे हँडल कधी खोललेलं नाही अशा कारागिराच्या नजरेने बघा. तेवढ्यावरून त्याला ते बनवता येईल का?

हे विचारण्याचं कारण असं. पेटंट कायदा १९७० नुसार अर्ज करण्याच्या दिवशी शोध नवा असावा लागतो. स्वतःच जगाला दाखवलेल्या गोष्टीला आपल्याकडे सरसकट सवलत नाही. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची मुभा आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी. यूट्यूब त्यात बसत नाही. व्हिडिओ आज काढून टाकलात तरी गेलेलं नावीन्य परत येत नाही, उलट काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा.

पण जे दिसलं तेच गेलं. तुम्ही मला पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये खरी गंमत नळीच्या आत आहे. साध्या ट्रॉलीत मुठीचं बटण दाबलं की आतली बारीक सळई खाली सरकते, स्प्रिंगवरचा खटका भोकातून मागे येतो आणि नळी मोकळी होते. टप्पे वाढवले की जोड वाढतात, प्ले (जोडांतला सैलपणा) वाढतो आणि हँडल खुळखुळतं. तुम्ही चारही टप्प्यांचे खटके स्प्रिंग स्टीलच्या एकाच पट्टीवर घेतलेत. व्हिडिओत मूठ, बटण आणि एकातून एक निघणाऱ्या नळ्या दिसतात, पट्टी कुठेच दिसत नाही. पेटंट अर्जातला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागायचा ते, या पट्टीवर मांडायचा.

"बॅगेत मावणारं आखूड हँडल" असा दावा टिकणार नाही. चाकांच्या बॅगेचं बर्नार्ड सॅडो यांचं अमेरिकन पेटंट १९७२ चं आहे, आणि उभी ओढायची बॅग व तिचा आत सरकणारा दांडा रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास आणला. त्यानंतर या दांड्यावर जगभर पेटंटांचा ढीग पडलाय. अर्जाआधी पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतल्या ए४५सी १३/२६ या वर्गात शोध घ्या, हँडलं तिथे सापडतात. कलम ३(फ) ओळखीच्या भागांच्या नुसत्या फेरजुळणीला पेटंट देत नाही. सुधारणा कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यापलीकडची हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सांगितलं, आणि तो वादही भांडी घडवण्याच्या यंत्राचाच होता. म्हणून पट्टीमुळे प्ले किती कमी झाला त्याची मोजमापं अर्जात घाला. परीक्षकाला पटवायला तीच कामी येतील.

प्रोव्हिजनल अर्ज (तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज) या आठवड्यातच करा. ऑनलाइन करता येतो, मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, व्यक्तीसाठी मूळ फी १,६०० रुपये. पूर्ण अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात. पण प्रोव्हिजनल म्हणजे मोघम पानभर मजकूर नव्हे. पट्टी, खटके, अंतरं सगळं आकृत्यांसह आजच लिहा. जे आज लिहिलं नाही त्याला आजची तारीख मिळत नाही. अमेरिकेत मात्र स्वतःच्या प्रकटीकरणाला एक वर्षाची सवलत आहे, तो दरवाजा अजून सात महिने उघडा आहे. खर्च मोठा आहे, गिऱ्हाईक तिकडचं असेल तरच विचार करा.

डिझाइन नोंदणीचं थोडक्यात : ती डोळ्यांना दिसणाऱ्या रूपासाठी असते, यंत्रणेसाठी नाही. रूप तर तुम्ही व्हिडिओत दाखवून बसलात. मुठीचा आकार बदलणार असाल तर नवा आकार बाहेर दाखवण्याआधी नोंदवा.

आता कंपनीकडे वळू. माझ्या मते तुमची खरी ताकद पेटंटपेक्षा विश्वासभंगाच्या दाव्यात आहे. लेखी करार नसला तरी विश्वासाने दिलेली माहिती वापरता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९४८ मध्ये सॉल्टमन खटल्यात मांडलं (तिथे कातड्याला भोकं पाडणाऱ्या पंचच्या हत्यारांची ड्रॉइंग होती). दिल्ली उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये जॉन रिचर्ड ब्रॅडी खटल्यात त्याचा आधार घेऊन पुरवठादाराला दिलेल्या यंत्राच्या ड्रॉइंगच्या वापराला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानेही २००३ च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणात एका मालिकेच्या कल्पनेला असंच संरक्षण दिलं.

सिद्ध करायचं ते हे, की माहिती गोपनीय होती, गोपनीय म्हणून दिली होती आणि परवानगीविना वापरली गेली. पहिल्या मुद्द्यावर व्हिडिओ पुन्हा आडवा येतो, म्हणून पीडीएफमध्ये आहे आणि व्हिडिओत नाही अशा मापांची यादी करा. दुसऱ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप उलटं चाळा. "फक्त तुमच्यासाठी", "कुणाला दाखवू नका" असं एक वाक्य जरी सापडलं तरी सोनं आहे. सॅम्पल रिटर्नेबल चलनावर, म्हणजे परत करण्याच्या अटीवर, गेली होती का? चलनाच्या प्रतीवर त्यांच्या गेटचा शिक्का असेल तर ती प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी न्या. फोनही बदलू नका, चॅट कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. ड्रॉइंगवर कॉपीराइटचा मुद्दाही घेता येईल. पण डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी वस्तू नोंदणीविना पन्नासहून जास्त वेळा बनवली गेली की तिचा कॉपीराइट संपतो, तेव्हा आत्ता घाईने लॉट काढू नका.

पत्र आधी वकिलामार्फत साधं पाठवा : अमुक तारखेला विश्वासाने माहिती दिली, तिचा वापर थांबवा, सॅम्पल परत करा. पेटंटच्या धमक्या त्यात नकोत. पेटंट मिळाल्याशिवाय उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, आणि निराधार धमकीबद्दल कलम १०६ खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात. कंपनीने स्वतःच पेटंट अर्ज केला असेल तर तो साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. नजर ठेवा. शोध तुमच्याकडून लाटला म्हणून मंजुरीआधीच कलम २५(१) खाली विरोध नोंदवता येतो. डायचं काम सुरू झाल्याची पक्की खबर असेल तर तातडीचा मनाईहुकूम मागा. तशी तातडी नसेल तर व्यापारी न्यायालयात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

आणि तुमच्या मित्राला त्या ड्रॉइंगचा फोटो काढायला अजिबात सांगू नका. तोही त्याच्या गिऱ्हाइकाच्या विश्वासाने बांधलेला आहे. उद्या त्याचं काम जाईल आणि कंपनीचा वकील तुम्हालाच चोर ठरवेल. कंपनीला ते ड्रॉइंग हजर करायला लावण्याची सोय कोर्टात आहे, दावा दाखल झाल्यावर आपण तसा अर्ज देऊ.