ऑप्टिमस प्राइम : जुना की नवा?

प्रश्न : ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या कार्टूनमधील नायक ऑप्टिमस प्राइमचे १९८४ सालचे खेळणे शोधावे, की नवी आवृत्ती घ्यावी?

उत्तर : नवी घ्यावी. मूळ खेळणे जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालिकेतले असून कार्टून त्यानंतर तयार झाले, त्यामुळे पडद्यावरच्या आणि हातातल्या ऑप्टिमसचा चेहरामोहरा पुरता जुळलाच नाही. शिवाय त्याच्या मुठी सुट्या असल्याने त्या हमखास हरवतात, आणि जुना नग घेताना पहिली चौकशी त्यांचीच करावी लागते. २०११ च्या ‘मास्टरपीस एमपी-१०’ या नव्या आवृत्तीमध्ये मुठी हातातच दुमडून बसतात. २०२४ च्या ‘मिसिंग लिंक’ या आवृत्तीने मात्र १९८४ चेच रूप राखून सांधे वाढवले, आमची पसंती, जरा हट्टाने का होईना, त्यालाच आहे. खोक्यावर टाकारा टोमी (टाकाराचे आताचे नाव) अथवा अमेरिकेची हॅस्ब्रो या कंपनीचे नाव पाहूनच पैसे द्यावेत.