काय मोजायचे, हे ठरवताना

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीतल्या ज्या कंपनीत तू रुजू झालीस ती बँकांना आणि वित्तसंस्थांना कर्जदारांची पारख करणारी मॉडेल्स करून देते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेबद्दलचे प्रशिक्षण तिथे पहिल्याच आठवड्यात झाले, हे तुझ्या पत्रातून कळले. निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व हे शब्द तुम्हाला तिथे सांगितले गेले असतील आणि ते योग्यच आहेत. मला मात्र तुझ्याशी बोलायचे आहे ते या शब्दांच्या बऱ्याच आधी होऊन जाणाऱ्या एका निर्णयाविषयी: मॉडेलला नेमके काय ओळखायला शिकवायचे. हा निर्णय बहुधा एखाद्या घाईच्या बैठकीत, जो आकडा हाताशी आहे तो उचलून घेतला जातो, आणि त्या बैठकीत तुझ्यासारखी नवी माणसे हजर असतात.

यासाठी एक उदाहरण तू बारकाईने वाचावेस असे मला वाटते. २०१९ साली झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मॉडेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे त्या मॉडेलने सांगायचे होते. गरज थेट मोजता येत नाही, म्हणून मॉडेल करणाऱ्यांनी उपचारांवर होणारा खर्च मोजला. वंश हा रकाना मॉडेलमध्ये नव्हता. तरीही मॉडेलने जोखमीचा सारखाच गुणांक दिलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय अधिक आजारी निघाले, कारण डॉक्टरपर्यंत पोहोचणेच अवघड असल्याने तेवढ्याच आजारात त्यांच्यावर कमी खर्च झालेला होता. ही चूक दूर केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांतले त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे अभ्यासकांना आढळले. कोणी दुष्टपणा केला नव्हता, गणितही चुकले नव्हते; गरजेच्या जागी खर्च ठेवला गेला आणि तिथेच अन्याय झाला.

आता हे तुझ्या टेबलावर आणून पाहा. तुमच्या मॉडेलमध्ये ‘वाईट कर्जदार’ कोणाला म्हणायचे, हे कोणीतरी ठरवले असेल. समजा, तीस दिवस हप्ता थकला की वाईट. उरणजवळच्या करंजा गावातल्या मच्छीमार कुटुंबाचे काय होईल? राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत त्यांचा हप्ता रखडतो आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात गेल्या की बाकी भरली जाते. ही पत नसल्याची खूण आहे का? बँकेच्या कर्जविभागात इतकी वर्षे काम केल्यावर मी ठामपणे सांगते की नाही. हा उत्पन्नाचा हंगाम आहे, आणि हप्त्यांचे वेळापत्रक त्या हंगामाला धरून आखलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॉडेलला हे कळणार नाही. ते तुम्ही दिलेली व्याख्या निष्ठेने पाळील.

पत्त्याचेही तसेच आहे. ऐरोलीत माइंडस्पेस या ऑफिस-संकुलाच्या इमारती, सिडकोच्या सेक्टरांतल्या सोसायट्या आणि दिवा कोळीवाडा हे सारे एकमेकांजवळ आहे. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर ज्या गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, तिथल्या गावठाणांभोवती वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी घरे बांधली आणि त्यांतल्या अनेकांच्या मालकीचे कागद आजही स्पष्ट नाहीत. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले त्यांनाच कागदाअभावी अपात्र ठरवणारे मॉडेल तयार होणे अगदी सहज शक्य आहे. मुंब्र्याचा पत्ता पाहून अर्ज बाजूला ठेवला गेल्याची तक्रार मी नोकरीत अनेकदा ऐकली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे तिथे राहायला आली. धर्माचा रकाना काढून टाकून पिनकोडचा ठेवला, तर धर्म मॉडेलमध्ये राहतोच. त्यामुळे ‘आम्ही जात-धर्म विचारतच नाही’ या उत्तरावर तू समाधान मानू नकोस. कोणता रकाना कशाचे काम करतो आहे, हे प्रत्येक वेळी तपासून पाहा.

याहून खोल अडचण आहे ती न दिसणाऱ्या माणसांची. ज्यांना पूर्वी कर्ज मिळाले त्यांचीच परतफेड तुमच्या डेटामध्ये आहे. ज्यांना नाकारले, त्यांनी ते फेडले असते की नाही याची कुठेच नोंद नाही. शाखेतल्या एखाद्या अधिकाऱ्याचा जुना पूर्वग्रह असा डेटाच्या रिकामेपणात शिल्लक राहतो, आणि मॉडेल तो अनुभव म्हणून शिकते. पूर्वी एका शाखेत नाकारलेला माणूस दुसऱ्या शाखेत जाऊन वेगळ्या अधिकाऱ्याला भेटू शकत असे. एकच मॉडेल अनेक बँकांनी घेतले तर ती वाटही राहत नाही.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांची जोखीम ठरवणाऱ्या सरकारी मॉडेलने अर्जदार डच नागरिक आहे की नाही हेही जोखमीच्या मापात धरले होते. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला, मोठाल्या रकमा परत मागितल्या गेल्या, आणि आपण नेमके काय चुकलो हे त्यांना कोणी सांगेना. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तोवर अनेकांचे संसार कर्जात बुडाले होते. आपल्याकडे कारण सांगण्याची अपेक्षा नवी नाही: छोट्या कर्जदाराचा अर्ज फेटाळल्यास मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००३च्या न्याय्य व्यवहार संहितेतच सांगितले होते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे मांडली. त्यांतही निर्णय समजण्याजोगा असावा आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी, हे आहे. ‘स्कोअर कमी आला’ हे कारण नव्हे. अर्जदाराला पुढच्या वेळी काय बदलता येईल हे ज्यातून कळते, तेच कारण.

तू विचारले आहेस की नवख्या माणसाने अशा ठिकाणी करावे तरी काय. नोकरी पणाला लावण्याचा सल्ला मी तुला देणार नाही. घरी तुझ्या पगाराची गरज आहे हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या बैठकीत दोन गोष्टी माग. पहिली, हंगामी उत्पन्नाच्या अर्जदारांसाठी थकबाकीची व्याख्या वेगळी करून मॉडेलचे निकाल पुन्हा काढून दाखवण्याची परवानगी. दुसरी, मॉडेलने नाकारलेल्यांपैकी थोड्या लोकांना, चिठ्ठी काढून निवडावे तसे निवडून, लहान रकमेचे कर्ज देऊन पाहण्याची सोय. त्यातला तोटा कर्ज देणाऱ्या संस्थेने सोसायचा आणि कोणाच्याही मागे वसुलीचा तगादा लावायचा नाही, हे आधीच लिहून घ्यावे लागेल. नाकारलेली माणसे खरोखर कशी फेडतात हे कळण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, आणि खर्चाचा प्रश्न निघाला तर यातून चांगले ग्राहकही सापडतात हे वरिष्ठांना जरूर सांग. मागणी मान्य झाली नाही, तर ती आणि नकाराचे कारण, दोन्ही बैठकीच्या इतिवृत्तात तुझ्या नावासह नोंदवून घे. त्या नोंदीची भाषा कशी असावी याबद्दल शंका वाटली, तर पाठवण्याआधी मसुदा मला दाखव.

तुझी,
काकू