व्हर्दनच्या तहात (843) फ्रँक साम्राज्याची वाटणी कशावरून ठरली?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या तीन नातवांनी (लोथार, लुई आणि चार्ल्स) साम्राज्य वाटून घेतलं ते भाषेवरून का? आणि लोथारच्या वाट्याला उत्तर समुद्रापासून रोमच्या पलीकडपर्यंतचा तो लांबुळका पट्टा का आला? भाषेवरून नाही. पट्ट्याचं गणित कळलं की ते का नाही, हेही कळतं.

भांडणाचं मूळ थोडक्यात. शार्लमेनचा मुलगा लुई याने 817 मध्ये वाटणी ठरवून टाकली होती: थोरला लोथार सहसम्राट, पेपिनला अॅक्विटेन, तिसऱ्याला, म्हणजे दुसऱ्या लुईला, बव्हेरिया, आणि दोघा धाकट्यांनी थोरल्याच्या हाताखाली राहायचं. फ्रँकांचा रिवाज मात्र बापाचं राज्य सगळ्या मुलांत वाटण्याचा. त्यात 823 मध्ये दुसऱ्या राणीला, ज्युडिथला, चार्ल्स झाला. त्याचा हिस्सा काढायचा तो तिघांच्या ताटातूनच. 830 आणि 833 च्या बंडांमागे हेच होतं. पेपिन 838 मध्ये गेला, बाप 840 मध्ये. 25 जून 841 ला फोंतेनुआच्या लढाईत लुई आणि चार्ल्स यांनी मिळून लोथारला हरवलं.

भाषेचा गैरसमज येतो तो 14 फेब्रुवारी 842 च्या स्ट्रासबुर्गच्या शपथांमुळे. तिथे लुईने रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या, फ्रेंचच्या पूर्वज) भाषेत शपथ घेतली आणि चार्ल्सने जर्मन भाषेत, म्हणजे प्रत्येकाने समोरच्याच्या सैन्याला समजेल अशा बोलीत. मग सैन्यांनी आपापल्या भाषेत शपथ घेतली: आपल्या राजाने वचन मोडलं आणि त्याला आवरणं जमलं नाही, तर निदान भावाविरुद्ध त्याला मदत करणार नाही. हा लष्करी करार होता. राज्याची हद्द त्यात कुठेच नाही, आणि पुढे लोथारच्या पट्ट्यात दोन्ही भाषांचे लोक आले.

खरं काम सुरू झालं त्यानंतर. जून 842 मध्ये माकाँजवळ सोन नदीतल्या एका बेटावर तिघे भेटले आणि ठरलं की प्रत्येकाचे 40, असे 120 जण मिळून वाटण्या पाडतील. ही मंडळी ऑक्टोबरमध्ये कोब्लेंझला जमली. एकमेकांवर इतका अविश्वास की लोथारची माणसं ऱ्हाइनच्या पश्चिम काठावर, बाकी दोघांची पूर्व काठावर उतरली, आणि बैठकीसाठी रोज सेंट कास्टरच्या चर्चमध्ये यायची. पहिल्याच टप्प्यावर गाडं अडलं. समान वाटणी करू अशी शपथ घ्यायची होती, पण कुठे किती आहे हे पूर्ण कुणालाच माहीत नव्हतं. मोजणीच झाली नव्हती! लोथारकडचे बिशप म्हणाले, शपथेत पाप घडलं तर प्रायश्चित्त घेता येईल, पण लढाई लांबून चर्चची लूट होत राहणं वाईट. समोरचे म्हणाले, टाळता येणारं पाप करायचंच कशाला, आधी सगळीकडे माणसं पाठवून नोंद करा. शेवटी युद्धबंदी लांबवली, याद्या झाल्या, आणि ऑगस्ट 843 मध्ये व्हर्दनला वाटणी पक्की झाली. कोब्लेंझचे हे तपशील निथार्डने लिहून ठेवलेत. तो शार्लमेनच्या मुलीचा मुलगा, चार्ल्सच्या पक्षातला. म्हणून लोथारबद्दल तो जे लिहितो ते जरा चाळून घ्यावं.

आता गणित. इटली, बव्हेरिया आणि अॅक्विटेन हे तीन तुकडे हिशोबातून बाहेर ठेवले होते, कारण ते आधीच अनुक्रमे लोथार, लुई आणि चार्ल्सचे धरले होते. (पेपिनचा मुलगा लोथारच्या बाजूने लढला होता, अॅक्विटेनवरचा त्याचा हक्क गेला.) उरलेल्याचे तीन भाग करायचे होते. जमिनीचं क्षेत्रफळ इथे दुय्यम. राजाच्या खासगीतली गावं, मठ, बिशपच्या जागा, काउंटच्या (परगण्यावरच्या राजाच्या अधिकाऱ्याच्या) नेमणुका यांना वजन होतं, कारण सरदारांना बांधून ठेवायला राजा याच गोष्टी वाटायचा. ही मिळकत सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. सेन, म्यूज, मोझेल आणि मधला ऱ्हाइन यांच्या खोऱ्यांत ती दाटलेली होती, म्हणून तिघांनाही तिथे पाय हवा होता. शिवाय प्रत्येकाचा नवा भाग त्याच्या जुन्या भागाला लागून हवा. लोथारला शार्लमेनची राजधानी आखेन हवं आणि इटली तर आहेच. दोन्ही जोडायची तर आल्प्स ओलांडून ऱ्होन, सोन, म्यूज असंच वर जावं लागतं. पट्टा असा तयार झाला. लुईला ऱ्हाइनपलीकडचं, म्हणजे पूर्वेचं सगळं, उत्तर समुद्राकाठचा फ्रीजिया सोडून. शिवाय अलीकडच्या काठावरची माइन्झ, वर्म्स आणि श्पायर. एका नंतरच्या बखरकाराने याचं कारण वाइन भरपूर मिळते असं दिलंय. ते खोटं नसावं, पण इंगेलहाइमचा राजवाडाही तिथेच होता.

बिघाड दोन ठिकाणी झाला. चर्चच्या हद्दी राज्यांशी जुळल्या नाहीत: कांब्रेचा बिशप लोथारच्या राज्यात, त्याचा आर्चबिशप रँसला, म्हणजे चार्ल्सकडे, स्ट्रासबुर्ग लोथारकडे, त्याचा आर्चबिशप माइन्झला, लुईकडे. दुसरं, सरदारांच्या जमिनी. 806 च्या शार्लमेनच्या वाटणीपत्रातच कलम होतं की राजाकडून मिळालेली जहागीर फक्त आपल्या राजाच्या हद्दीत घ्यायची, वडिलोपार्जित जमीन मात्र कुठल्याही राज्यात ठेवता येईल. कागदावर सोपं आहे. भाऊ-भाऊ भांडले की दोन्हीकडे जमीन असलेल्या माणसाने कुणाकडे जायचं?

व्हर्दनच्या तहाचा मूळ मजकूर उरलेला नाही, हद्दी बखरींवरून जुळवाव्या लागतात. वाटणीचा हिशोब प्रत्यक्ष बघायचा असेल तर 870 चा मेर्सनचा तह वाचा. 855 मध्ये लोथारचा पट्टा त्याच्या तीन मुलांत फुटला. उत्तरेकडचा तुकडा दुसऱ्या लोथारला मिळाला आणि त्याच्यावरून त्याला लोथारिंगिया नाव पडलं. आजचं लोरेन ते तिथूनच. दुसरा लोथार 869 मध्ये औरस मुलाशिवाय वारला आणि चुलत्यांनी, लुई आणि चार्ल्सने, ते राज्य वाटून घेतलं. त्या तहाची यादी शाबूत आहे: नुसती नावं, मठांमागून मठ आणि परगण्यांमागून परगणे. आखेन, मेत्स आणि स्ट्रासबुर्ग लुईकडे, लिओं आणि खुद्द व्हर्दन चार्ल्सकडे, आणि फ्रीजियाचे दोन हिस्से लुईला, एक चार्ल्सला.