चौघांनी आखलेल्या कडा

प्रिय मित्रा,

सीटी स्कॅनमधल्या गाठींच्या कडा आखायला मॉडेल शिकवताना लेबलं, म्हणजे माणसांनी आखून दिलेली उत्तरं, सदोष असतील तर कोणता लॉस (मॉडेलची चूक मोजणारं सूत्र) वापरू, हा तुझा प्रश्न. लॉसचं मागाहून पाहू. लेबल नेमकं कुठं आणि कशामुळं हुकलंय, हे तू अजून तपासलेलं दिसत नाही.

फुप्फुसातल्या गाठींचा एलआयडीसी-आयडीआरआय डेटासेट घेतलास ते बरं केलंस. त्यात मतभेद झाकलेले नाहीत. १०१८ सीटी स्कॅन. प्रत्येक स्कॅन चार रेडिऑलॉजिस्टांनी आधी स्वतंत्रपणे पाहिला, मग इतरांच्या खुणा समोर ठेवून पुन्हा पाहिला. तरीही ज्या २६६९ गाठी कोणा एकाला तरी ३ मिमी किंवा त्याहून मोठ्या वाटल्या, त्यांतल्या ९२८च चौघांनी तशा नोंदवल्या. ही हलगर्जी नव्हे. ग्राउंड ग्लास, म्हणजे स्कॅनमध्ये धुरकट दिसणाऱ्या, गाठीला ठाशीव कड नसतेच, आणि रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ कुठं संपते यावर दोन जाणकार खुशाल भांडू शकतात.

असली विखुरलेली चूक मॉडेलला फार छळत नाही. एकाची कड आत, दुसऱ्याची बाहेर. डेटा पुरेसा असला की मॉडेल मधली कड शिकतं. छळते ती एकाच दिशेची चूक. या डेटासेटमध्ये रेडिऑलॉजिस्टांनी आखलेली रेषा गाठीच्या लगत, पण बाहेरून जाते. रेषेवरचे पिक्सेल गाठीचे नाहीत. रेषेसकट आतला भाग भरलास तर प्रत्येक मास्क (गाठीच्या पिक्सेलांचा नकाशा) चहूबाजूंनी एकेक पिक्सेल फुगतो. पिक्सेल ०.७ मिमीचा धरला तर ५ मिमीची गाठ जेमतेम ७ पिक्सेल रुंद. ती ९ झाली की खऱ्या मास्कशी डाइस (दोन मास्क किती जुळतात ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.७५वर घसरतो, ५० पिक्सेल रुंद गाठीचा मात्र ०.९६ राहतो. टेस्ट सेटही (मॉडेल तपासायला राखलेला डेटा) त्याच कोडने भरला असेल तर स्कोअर झकास येईल आणि तुला पत्ताही लागणार नाही.

चार मास्क बहुमताने एक करण्याची घाई नको. दोन विरुद्ध दोन असतील तिथं बहुमत कसलं? माणसागणिक सवयी शिकवायचा बेतही सोड. एका स्कॅनमधला पहिला वाचक आणि पुढच्या स्कॅनमधला पहिला वाचक एकच असेल असं नाही. मी शिकवण्याच्या दर फेरीला चारांतला कुठलाही एक मास्क उचलला असता आणि क्रॉस एंट्रॉपी (दर पिक्सेलला गाठीची शक्यता शिकवणारा लॉस) ठेवली असती. मग जिथं दुमत, तिथं मॉडेलही ०.५च्या आसपास घुटमळतं, आणि डॉक्टरला ते दिसलेलं हवंच असतं. नुसता डाइस लॉस त्याला हो किंवा नाही म्हणायला लावतो. ज्याने गाठ नोंदवलीच नाही त्याचा मास्क रिकामा धरायचा की वगळायचा, हे मात्र आधी ठरव. 'गाठ आहे का' आणि 'कड कुठं' हे दोन निराळे प्रश्न आहेत.

पैसे खर्चायचे तर टेस्ट सेटवर खर्च. थोडे स्कॅन बाजूला काढून एखाद्या अनुभवी रेडिऑलॉजिस्टकडून नव्याने आखून घे, मॉडेलचं उत्तर न दाखवता. काही आठवड्यांनी त्यांतलेच थोडे त्यांना पुन्हा दे, म्हणजे त्यांचा स्वतःशीच डाइस किती येतो ते कळेल. तुझं मॉडेल त्याच्याही वर गेलं तर पेढे वाटू नकोस, कोड तपास.