वाचकांचे प्रश्न : बर्फात कॅमेरा घेऊन उतरायचं तर...

गेल्या अंकात गुलमर्गच्या ताज्या बर्फातले माझे काही फोटो छापून आले आणि त्यानंतर संपादकांकडे प्रश्नांचा ढीग लागला. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून एकाने विचारले तरी अनेकांच्या मनात असतील असे प्रश्न निवडलेत. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हिवाळाभर मी काश्मीरमध्ये असतो आणि गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगराच्या उतारांवर स्कीअर्सचे फोटो काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

प्रश्न : मी कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतोय, अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट सगळं झालंय. फोटोग्राफी पण बऱ्यापैकी येते. स्की फोटोग्राफर व्हायचं तर सुरुवातीला कुठली लेन्स घेऊ? (एक वाचक, नाशिक)

लेन्सचं नंतर बघू मित्रा, आधी स्की शिक. गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारचा, दुसरा टप्पा तुला साधारण 3,950 मीटरवर सोडतो, तिथून पुढे रिजवरून, म्हणजे डोंगराच्या धारेवरून, स्की खांद्यावर घेऊन चालायचं, आणि मग ज्या उतारावर स्कीअर येणार त्याच उतारावर तुला त्याच्या आधी उतरून जागा पकडायची असते, तेही पाठीवर दहा-बारा किलोची बॅग घेऊन आणि अशा वाटेने की त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या बर्फावर तुझ्या स्कीचा एकही ओरखडा दिसता कामा नये. हे पायी होत नाही, ताज्या बर्फात माणूस मांडीपर्यंत, कधी कमरेपर्यंत आत जातो. 2006 मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावरून जी टीम स्कीवर उतरली तिचे फोटो जिमी चिनने काढले, आणि त्यासाठी तो स्वतः पण शिखरावरून स्कीवरच उतरला. आपल्याला एव्हरेस्टवर जायचं नाहीये, पण जिथे स्कीअर जाणार तिथे फोटोग्राफरला स्कीवरच पोचावं लागतं हे गुलमर्गला पण तितकंच खरं आहे.

सह्याद्रीतलं काही वाया जाणार नाही, दम, वजन घेऊन चालायची सवय आणि दरीच्या काठावर डोकं शांत ठेवणं हे तुझ्याकडे आहेच. फक्त उंचीचा हिशोब वेगळा धर. श्रीनगरचा विमानतळच जवळपास आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे, गुलमर्ग 2,650 मीटर, आणि सकाळी श्रीनगरहून निघालेला माणूस दुपारी गोंडोलाने थेट चार हजाराच्या जवळ पोचतो, मग डोकं दुखतं, मळमळतं आणि आपल्याला काय होतंय तेच कळत नाही. पहिले दोन दिवस खालीच काढ.

शिकायला आपल्या देशात चांगल्या जागा आहेत. गुलमर्गलाच केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे आणि उत्तराखंडात औलीला पण कोर्स असतात. कोर्स केलास की तयार केलेल्या उतारावर नीट वळता येईल, पण खोल बर्फात बॅगेसकट, हवं त्या जागी थांबता येईपर्यंत अजून वेळ लागतो, तो दे. मग हलकी 70-200 एफ 4 झूम लेन्स घे. जास्त उजेड आत घेणाऱ्या एफ 2.8 ची हाव सोड, बर्फात उजेड भरपूर असतो आणि तिचं जास्तीचं वजन तुलाच वाहायचंय.

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, नोकरी सोडून हेच करायचं म्हणतो. मी हिमस्खलनाच्या बातम्या वाचते आणि झोप उडते. धोका खरंच किती आहे आणि तो कमी करता येतो का? (एक आई, सांगली)

ताई, तुमची काळजी योग्य आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीअर दगावला. फेब्रुवारी 2010 मध्ये तर त्याच भागात लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रातले 17 जवान हिमस्खलनात गेले, आणि ती बर्फात काम करणारी प्रशिक्षित माणसं होती. त्यामुळे ‘मला अनुभव आहे, मला काही होणार नाही’ असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण धोका आंधळा पण नाहीये. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि दुर्दैव असं की स्कीइंगला मजा पण त्याच उतारांवर येते. बर्फ थरावर थर साचत जातो, मधला एखादा थर साखरेसारखा सुटा दाणेदार झालेला असला आणि वर वादळाने एकदम दोन-तीन फूट नवा बर्फ टाकला की वरची लादीच्या लादी माणसाच्या वजनाने सुटू शकते. म्हणून वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि फोटोला सगळ्यात सुंदर दिवस पण तेच, निळं आभाळ आणि एकही ट्रॅक नसलेला उतार. या कामातली खरी ओढाताण ही आहे.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती मला फार महत्त्वाची वाटते. समोर कॅमेरा असला की माणूस एरवी करणार नाही ते करतो. स्कीअरला वाटतं फोटोग्राफर एवढा वेळ थंडीत उभा आहे, आता नाही कसं म्हणू, आणि फोटोग्राफरला वाटतं तो तयार आहे म्हणजे ठीकच असणार, आणि दोघंही एकमेकांच्या भरवशावर अशा उतारावर जातात जिथे एकटं कुणीच गेलं नसतं. म्हणून कॅमेरा ज्याच्या हातात त्याने ‘आज नको’ हे आधी म्हणायचं असतं, मोठ्याने आणि सगळ्यांसमोर. माझ्या मते या व्यवसायात याच्याइतकं मोठं कौशल्य दुसरं नाही, फोकस वगैरे सगळं त्याच्या खाली.

सामानाचं म्हणाल तर तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर पाहिजेतच: ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र), लांब प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची काठी) आणि फावडं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता खूप असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने कमी होते, म्हणजे वाचवणार ते सोबतचेच लोक, खालून येणारी टीम नाही. फोटोग्राफरसाठी यात एक जास्तीची काळजी आहे: ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो आणि कॅमेरा, मोबाइल, बॅटरीवाले गरम हातमोजे यांच्यामुळे तो बिघडतो. म्हणून स्कीइंग करताना या वस्तू त्याच्यापासून किमान 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर लांब ठेवायच्या. छातीवर ट्रान्सीव्हर आणि त्याच्यावरच कॅमेरा लटकवलेले लोक मी बघतो तेव्हा थांबून सांगतो, त्यांना राग आला तरी.

तुम्ही मुलाला जायला नको म्हणू नका, त्याला विचारा की सोबत कोण आहे, त्यांनी एकत्र शोधाचा सराव कधी केला, आणि फोटो न काढता अर्ध्यातून परत शेवटचा कधी फिरलास. या तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे ठोस उत्तर असेल तर तो नीट माणसांत आहे असं समजा.

प्रश्न : मी म्युनिकला राहते, दर वीकेंडला आल्प्समध्ये स्की करते. मित्रमैत्रिणींचे फोटो काढते तर बर्फ राखाडी येतो आणि स्कीअर म्हणजे नुसता ठिपका. काय चुकतंय? (एक वाचक, जर्मनी)

राखाडी बर्फाचं कारण सोपं आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, त्याला पांढरं पांढरंच ठेवायचं असतं हे माहीतच नसतं, म्हणून तो उजेड कमी करून टाकतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजेड वाढवायची सेटिंग) प्लस 1 ते प्लस 1.7 ठेव, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे जाऊ दे पण भिंतीला चिकटू देऊ नकोस, कारण बर्फातला पोत एकदा उडाला की परत येत नाही. शटर 1/1250 सेकंदापेक्षा वेगवान, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये.

ठिपक्याचा प्रश्न मात्र सेटिंगचा नाही, तो बोलण्याचा आहे. ताज्या बर्फावर संधी एकदाच मिळते, स्कीअर गेला की ट्रॅक उमटला आणि ती फ्रेम संपली, म्हणून तो वर उभा असतानाच सगळं ठरलेलं पाहिजे. मी असं सांगतो: वीज पडून शेंडा गेलेलं फरचं झाड दिसतंय ना, त्याच्या खालच्या बाजूला छोटा उंचवटा आहे, उंचवट्याच्या अलीकडे डावा टर्न घे, माझ्याकडे बघू नकोस, पुढच्या टर्नकडे बघ. मग तो हे सगळं स्वतःच्या शब्दांत परत मला सांगतो, कारण वरून उतार वेगळा दिसतो आणि माझा उंचवटा त्याला दिसतच नसतो. कधीकधी यातच दहा मिनिटं जातात. मी आधीच त्या झाडाच्या बुंध्यावर फोकस लावून फ्रेम पक्की करतो, श्वास रोखतो कारण श्वासाने व्ह्यूफाइंडर धुकटतो, आणि हात वर करतो. पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. टर्नच्या शेवटी स्की आडवी होते तेव्हा बर्फ खांद्याच्या वर उडतो, सूर्य मागे असेल तर त्यातला कण न् कण पेटतो, आणि चेहरा त्या बर्फात बुडायच्या आधीचा क्षण हवा असतो.

ढगाळ दिवशी मोकळ्या उतारावर जाऊच नकोस, सावली नसते त्यामुळे बर्फाचा उंचसखलपणा दिसत नाही, तुला पण नाही आणि स्कीअरला पण नाही. झाडीत जा, काळे बुंधे फ्रेमला आधार देतात. आणि तुझ्याकडे एक अशी सोय आहे जिच्यासाठी आम्ही इकडे तरसतो: बव्हेरियाची हिमस्खलन सूचना हिवाळ्यात रोज निघते, ती वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. तिथल्या अल्पाइन क्लबचे सभासद झालं की म्युनिकमध्ये ट्रान्सीव्हर, प्रोब वगैरे भाड्याने पण मिळतं.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो, पंधरा वर्षं झाली. हिवाळ्यात दोन महिने तिकडे येऊन काम केलं तर चालेल का? पैसे सुटतात का? कॅमेरा थंडीत टिकतो का? (एक फोटोग्राफर, कोल्हापूर)

कॅमेरा टिकतो हो, बॅटरी टिकत नाही. थंडीत लिथियमची बॅटरी भरलेली असून पण मान टाकते, खिशात गरम केली की परत थोडी जिवंत होते. चार-पाच बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या आणि आलटून पालटून वापरायच्या. खरा घोटाळा संध्याकाळी होतो. बाहेर उणे बारा-पंधरा आणि हॉटेलच्या खोलीत बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटलेली, तिथे कॅमेरा उघडा नेला की आत-बाहेर दव धरतं, लेन्सच्या आत गेलेलं दव दिवसभर हटत नाही. दारातच कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत बंद करायचा आणि दोन-तीन तास तसाच राहू द्यायचा. कार्ड बाहेरच काढून घ्या म्हणजे रात्री फोटो बघता येतील, नाहीतर मोह होतो आणि पिशवी उघडली जाते.

पैशाचं सरळ सांगतो. नुसत्या मासिकांच्या मानधनावर घर चालत नाही. कपडे आणि स्की बनवणाऱ्या कंपन्या, हॉटेलं, पर्यटन खातं आणि ज्यांना स्वतःचे फोटो हवेत असे परदेशी पाहुणे, या सगळ्यांकडून थोडं थोडं येतं, आणि बर्फ पडलाच नाही तर तेही नाही. जानेवारी 2024 मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे जे चाळीस दिवस काश्मिरी लोक सगळ्यात कडक थंडीचे मानतात त्यात, गुलमर्ग तपकिरी पडलं होतं आणि ज्यांचं वर्षाचं गणित याच्यावर चालतं ते घोडेवाले, गाइड, हॉटेलवाले सगळे आभाळाकडे बघत बसले होते. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांवर सगळा खेळ आहे. तुमचा लग्नाचा सीझन पण डिसेंबर ते फेब्रुवारीतच असतो, तो सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फार तर मार्च महिना ठेवा, तेव्हा दिवस मोठा असतो, आणि तुमची माणसांकडून हसतखेळत काम करून घ्यायची सवय इथे फार कामाला येईल.

प्रश्न : ड्रोन आणि सॅटेलाइट मेसेंजर आणू का? (एक वाचक, ठाणे)

ड्रोन लेखी परवानगीशिवाय आणू नका, नियंत्रण रेषा जवळ आहे आणि लष्कराचा वावर सगळीकडे आहे. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर (नेटवर्क नसताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) आपल्या देशात परवान्याशिवाय जवळ ठेवणं बेकायदा आहे, जगभर ट्रेकर वापरतात ती यंत्रं सुद्धा. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन महिलेला अशाच यंत्रामुळे पोलिसांनी अडकवलं होतं. दुर्गम डोंगरात जीव वाचवणारी वस्तू आहे आणि तिला सोपा परवाना मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं, पण आज कायदा असा आहे. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घेऊन या. गावात नेटवर्क मिळतं, मागच्या नाळांमध्ये उतरलात की जातं, त्यामुळे गाइड ठरवतानाच त्याच्याकडे रेडिओ आहे का विचारा, आणि कुठल्या बाजूने उतरणार, खालच्या द्रंग गावाकडे की बाबा रेशीकडे, आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे हॉटेलवर कागदावर लिहून ठेवा.