दिवसभर एका ओढीत, पहाटे मात्र हट्टी

प्रश्न: वर्सोव्याला माझी छोटी फायबरची होडी आहे, तिला जुनं ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) मशीन. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातली तेव्हापासून पहाटे मशीन चालू व्हायला जीव खातं. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. एकदा गरम झालं की दिवसभर एका ओढीत पकडतं. पण सकाळी चालू झालं तरी चोक अर्धा ओढूनच ठेवावा लागतो. आत ढकलला की स्लोवर, म्हणजे हळू चालताना, बंद पडतं. जोरात पळवलं तर काही तक्रार नाही. प्लग नवे टाकले. प्लगच्या भोकातून झाकणभर पेट्रोल ओतलं की लगेच चालू होतं, म्हणून आता रोज तेच करतो. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. खोलू का? — एक वाचक, वर्सोवा

उत्तर: नाखवा, इतक्यात खोलू नका. रिंगा गेलेलं मशीन पहाटे त्रास देतं हे खरं, पण ते पळवल्यावर दमही सोडतं. तुमचं जोरात नीट पळतंय. शिवाय बाहेरून पेट्रोल ओतलं की पकडतं, म्हणजे ठिणगी आहे आणि दाबही कामापुरता आहे. कमी पडतंय ते पेट्रोल, आणि तेही फक्त स्लोवर आणि थंड असताना. मेकॅनिकला तरीही शंका असेल तर त्याला गेज लावून दोन्ही सिलिंडरचा दाब मोजायला सांगा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांच्या आसपासच फरक असेल आणि दोन्ही चांगले असतील, तर रिंगांचा विषय तिथेच संपला. गेज न लावता इंजिन खोलायला कुणालाही पैसे देऊ नका.

थंडीचंही कारण पुढे करू नका. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता तो १९६२ च्या जानेवारीत. ऑगस्टच्या पहाटे आपल्याकडे पंचवीसच्या आसपास असतं. एवढ्या उबेत धडधाकट टू-स्ट्रोक दोन-तीन ओढींत पकडायलाच हवं. थंड मशीनला जास्त पेट्रोल लागतं, कारण थेंब पेटत नाही, पेटते ती वाफ, आणि गार धातूवर वाफ कमी धरते. चोक हवा अडवून ती उणीव भरून काढतो. तुम्हाला चालू झाल्यावरही चोक लागतो, म्हणजे कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) स्लोची वाट अर्धी बंद आहे.

ती कशी बंद झाली तेही सांगतो. १ जून ते ३१ जुलै मशीन उभं होतं आणि बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीत, पेट्रोल तसंच राहिलं असणार. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट पिवळा थर उरतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी. जोरात चालताना लागणाऱ्या मेन जेटचं भोक मोठं, ते तग धरतं. स्लोच्या पायलट जेटचं भोक केसासारखं, ते आधी बुजतं. म्हणून जोरात ठीक आणि स्लोवर मरतं.

पण कार्बोरेटरला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा, त्यांना पैसे लागत नाहीत. पहिली, चोकची पाकळी. वरचं कव्हर आणि हवेचा डबा काढून चोक पूर्ण ओढा आणि बॅटरी मारून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. पाकळी तोंड पूर्ण झाकते का? खाऱ्या हवेत तिच्या दांडीवर पांढरी खपली धरते, जोडकाडी ढिली होते आणि बाहेरचा नॉब पूर्ण ओढलेला असतानाही आत पाकळी तिरकी उभी राहते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की गिऱ्हाइकाने मशीन आणलं की पहिली नजर तिथेच जाते.

दुसरी, टाकीकडून मशीनकडे येणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडा. फुगा बाणाची दिशा वर, म्हणजे मशीनकडचं टोक वर, असा उभा धरून दाबा. काही दाबांत तो दगडासारखा घट्ट व्हायला हवा. झालाच नाही तर नळीला चीर, कनेक्टरमधली रबरी रिंग किंवा फुग्यातला वाल्व्ह यांपैकी एक गेलंय. घट्ट होऊनही मशीनखाली पाण्यावर पेट्रोलचा रंगीत तवंग दिसला, तर बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी कार्बोरेटरची सुई गळतेय; मग ओढाओढ थांबवून आधी तीच बघा.

दोन्ही ठीक निघाल्या तर कार्बोरेटर उतरवा. होडीत नको, पितळी जेट निसटला की खाडीत गेलाच. घरी, उजेडात, ताटात काम करा. जवळपास विडी-सिगारेट नको. पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती वळसे बसले ते लिहून ठेवा, परत तेवढेच सोडायचे. जेट कार्बोरेटर क्लीनरने धुऊन हवा मारा. पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट कायमचा बिघडला. साफ झाला की आभाळाकडे धरून बघा. भोकातून उजेडाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला पाहिजे. कडा तुटक किंवा चंद्रकोरीसारखी दिसली तर पुन्हा क्लीनरमध्ये भिजत घाला.

बंदीआधीचं पेट्रोल अजून टाकीत असेल तर ते काढून टाका. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पावसाळी हवेतला ओलावा ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याला घेऊन तळाला बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणजे मशीनला ऑइल नसलेला घोट मिळतो. टू-स्ट्रोकला याच्याइतकं घातक काही नाही. टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा, थर दिसला की समजा. नवीन मिश्रण मशीनच्या पुस्तकात असेल तसं करा. ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटरला २०० मिली ऑइल. जास्त ऑइल घालून मशीन जास्त जगत नाही, प्लग मात्र काळे पडतात.

आणि ते झाकणभर पेट्रोल आजपासून बंद. कोरं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि पहिल्या क्षणी मशीन कोरडंच घासतं. रिंगा आज ठीक असतील, पण हे रोज केलंत तर मेकॅनिकचं म्हणणं खरं होईल. शिवाय प्लगची वायर उघडी आणि भोवती पेट्रोलची वाफ, होडीत एवढी जोखीम घेऊ नये.

पुढच्या मे महिन्यात मशीन पिंपात गोड्या पाण्यावर चालवा, पाणी प्रोपेलरच्या वरच्या पट्टीच्या वर असू द्या, आणि नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. पाण्याबाहेर चालवू नका, पंपाचं रबर काही सेकंदांत जळतं.

प्रश्न: आमचं मशीन पेट्रोलवर चालू करून मग केरोसीनवर पळवायच्या प्रकारचं आहे. सकाळी अजिबात पकडत नाही. टाकीत पेट्रोल भरपूर आहे. — एक वाचक, गोराई

उत्तर: टाकीत आहे, पण बाऊलमध्ये बहुधा केरोसीन आहे. संध्याकाळी केरोसीनवरच बंद करता ना? पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांतही पेटण्याइतकी निघते, केरोसीनला साधारण ३८ अंशांच्या वर जावं लागतं. गार मशीनमध्ये ते पेटणार कसं? आज बाऊलचा निचऱ्याचा स्क्रू सोडून केरोसीन डब्यात घ्या, खाडीत नको. प्लग पुसा, कॉक (पेट्रोल-केरोसीन बदलायची चावी) पेट्रोलवर ठेवून फुगा घट्ट करा, चोक ओढा आणि चालू करा. रोज परतताना किनारा जवळ आला की कॉक पेट्रोलवर फिरवा आणि बंद करण्याआधी काही मिनिटं त्यावरच चालू द्या. घरात दुसरं कुणी होडी घेऊन जात असेल तर त्यालाही हे सांगून ठेवा, नाहीतर एकाने केलेलं दुसऱ्याच्या सकाळी निस्तरावं लागतं.